रॅम मिळेपर्यंत

मी लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. कोथरूडला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल. फोटोग्राफर लग्न शूट करतात, हार्ड डिस्क माझ्याकडे आणून देतात आणि मी दोन दिवसांच्या लग्नाची पाऊण तासाची फिल्म करून परत करते. वीसेक वर्षं हेच चाललंय. माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही. हे कळलं की लोकांना गंमत वाटते. सुरुवातीला मलाही वाटायची.

आई होती तोवर ती माझ्या मागे खुर्ची टाकून बसायची. शाळेतून निवृत्त झालेली, तपासायला वह्या उरल्या नव्हत्या, मग ती लग्नं तपासायची. "ही वरमाय कोणाशी तरी भांडून आलीय बघ." "अरे, हार घालायचाय, फास नाही." मी हसता हसता भलत्याच ठिकाणी कट मारायचे. दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर मी कामाला बसताना हेडफोन लावायला लागले. घरात दुसरं कोणी नसताना हेडफोनची काही गरज नव्हती, तरी लावायचे. मोकळ्या खोलीत दुसऱ्यांच्या घरची सनई मोठ्याने वाजलेली मला नको वाटायची.

तुळशीची लग्नं झाली, मुहूर्त सुरू झाले आणि टेबलावर तीन हार्ड डिस्क जमल्या. नेमका त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बसला. काम चालू असताना स्क्रीन गोठायची, मग निळी व्हायची, मग बंद. झाकण उघडून, पट्ट्या आलटून पालटून लावून पाहिल्यावर कळलं, रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक गेली आहे. रॅम म्हणजे काय हे मी आईला एकदा स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं होतं. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ, तिथे सगळं साठवलेलं असतं. रॅम म्हणजे ओटा, ज्यावर प्रत्यक्ष काम चालतं. आता माझा अर्धा ओटा गेला होता.

पूर्वीही एकदा असं झालं होतं. तेव्हा संध्याकाळी जाऊन नवी पट्टी आणली आणि जेवायच्या आत काम सुरू केलं. यावेळीही तसंच होणार असं धरून मी स्कूटर काढली आणि नारायण पेठेत गेले. तिथे ज्यांच्याकडून मी मशीन जोडून घेतलं होतं त्यांचं छोटं दुकान आहे. माझ्याच वयाचे गृहस्थ. हसत नाहीत, पण फसवतही नाहीत.

"भाव आत्ता सांगू, की आधी बसता?" ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करताहेत. मग त्यांनी भाव सांगितला आणि मी खरंच स्टुलावर बसले. मागे जेवढ्यात दोन पट्ट्या आणि वर एक कीबोर्ड आला होता, तेवढ्यात आता एक पट्टीही येत नव्हती.

"अहो, चुकून दुसऱ्या कशाचा तरी भाव सांगताय तुम्ही."

"सकाळपासून सगळे हेच म्हणतायत. सकाळपासून मी चुकतोच आहे."

"पण एवढं झालं तरी काय?"

"मेमरीच्या चिपा बनवणारे कारखाने जगात मोजके. त्यांना आता एआयवाले भेटलेत. जिकडेतिकडे डेटा सेंटरं उभी राहतायत, त्यांना लागणारी मेमरी वेगळी आणि महाग. कारखाने आधी ती करतात, आपल्या कॉम्प्युटरची मग उरल्यासुरल्या जागेत. ते एका वेळी गोदाम उचलणार, आपण एक पट्टी मागणार. सांगा, कोणाचा फोन आधी घेतील?"

"आणि ते एआय एवढी मेमरी घेऊन करतं काय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सध्या फोटो, व्हिडिओ असलं काहीतरी करतंय म्हणे. म्हणजे तुमचंच काम."

 भाव उतरतील का, असं मी विचारलं.

"उतरतील की."

"कधी?"

"ते कळत असतं तर मी काउंटरच्या या बाजूला बसलो असतो का?"

थोडे दिवस थांबून बघते, असं मी म्हणाले. "अवश्य थांबा," ते म्हणाले. "फक्त आजचा भाव आजचा. उद्या आलात तर मी तुम्हाला ओळखेन, भावाला नाही."

मी थांबले आणि फसले. दर दोन-चार दिवसांनी फोन करायचे आणि दर वेळी भाव आणखी वर गेलेला असायचा. एका पट्टीवर काम रेटायचा प्रयत्न केला. व्हिडिओच्या हलक्या कॉपी करून त्यांच्यावर एडिटिंग करता येतं, तेही केलं. पण शेवटी पूर्ण फिल्म बाहेर काढायची वेळ आली की मशीन माघार घ्यायचं. फोटोग्राफर वर्षानुवर्षांचा ओळखीचा, त्याने आठवडाभर कळ काढली. मग एक दिवस चाचरत म्हणाला, "ताई, राग मानू नका. मोठी दोन लग्नं मी दुसरीकडे देऊ का? त्या पोराकडे नवीन मशीन आहे. लोणी काळभोरचं राहू दे तुमच्याकडे, ते लोक घाईत नाहीत."

दोन डिस्क तो घेऊन गेला. राहिली ती लोणी काळभोरच्या एका लग्नाची.

काम गेल्याचं वाईट वाटलंच. पण आणखी काहीतरी गेलं होतं, ते कळायला मला काही दिवस लागले. दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं कामाचीच होती. नव्या नवऱ्या फोन करायच्या, "ताई, माझी आत्या जरा कमी दाखवा." कोणाला गाणं बदलून हवं असायचं, कोणाला मामाचा मुलगा पूर्ण कापून टाकायला हवा असायचा. मी वैतागायचे. आता फोन वाजेना. सकाळी दुधाची पिशवी कोणीतरी दाराला अडकवून गेलेलं असायचं, लिफ्टमध्ये भेटणारे आपापल्या मोबाइलमध्ये असायचे. एका शुक्रवारी भाजीवाल्याने "मेथी देऊ का?" विचारलं तेव्हा माझा आवाज घोगरा आला, आणि लक्षात आलं की आदल्या दुपारपासून मी एक शब्दही बोललेले नाही. रविवारी बंगळुरूहून भावाचा फोन येतो. "काय म्हणतेस?" "मजेत." "मशीनचं झालं का?" "होईल." एवढ्यात आमचं बोलणं संपतं. त्याचं काही चुकत नाही. मीही त्याला दुसरं काही विचारत नाही.

अशात एक दिवस लोणीहून एका बाईंचा फोन आला. नवरीची आई बोलत होती.

"ताई, व्हिडिओचं कुठवर आलं? आमचे सासरे रोज विचारतात. लग्नाच्या चारच दिवस आधी पडले ते, खुब्याचं हाड मोडलं. नातीचं लग्न झालं तेव्हा ते दवाखान्यात. आता घरी आणलंय, पण पडूनच आहेत. म्हणतात, सगळ्यांनी बघितलं, मीच तेवढा राहिलो."

मी मशीनची अडचण सांगितली. रॅम मिळत नाही हे त्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण त्या बिचाऱ्या बरं म्हणाल्या. दोन दिवसांनी त्याच नंबरवरून पुन्हा फोन. यावेळी जाडाभरडा, म्हातारा आवाज.

"बाई, मी पोरीचा आजा बोलतोय. सगळे आबा म्हनत्यात. तयार नसंल तर कच्चं दावा की."

"आबा, कच्चं म्हणजे फार लांबलचक असतं. अर्धं हललेलं, कुठे नुसते पायच दिसतात."

"दिसू द्या पाय. मला काय काम हाय? गानी-बिनी न्हाई लागत. जसं झालं तसं दावा."

पेनड्राइव्हवर घालून कुरिअरने पाठवता आलं असतं. मी स्वतः गेले, कारण त्या मंगळवारी मला कुठेतरी जायचं होतं. जुना लॅपटॉप, डिस्क आणि टीव्हीला जोडायची वायर पिशवीत घातली. सोलापूर रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत स्कूटर घालायची माझी हिंमत नाही, म्हणून बसने हडपसर आणि तिथून दुसरी बस. उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रांगत होती. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने वाटेत माझ्या खांद्यावर मान टाकून झोप काढली. मी स्टॉप येईपर्यंत खांदा हलवला नाही.

घर नवं होतं, गिलावा झालेला, रंग बाकी. नवरीच्या आईने चहा दिला. त्या गावातल्याच एका शाळेच्या ऑफिसात कामाला होत्या, त्यांना निघायचं होतं. त्यांचा नवरा कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. "तुम्ही आहात तर मला घोर नाही," असं म्हणून मला त्या वर्षानुवर्षं ओळखत असल्यासारख्या निघूनही गेल्या. पुढच्या खोलीत लोखंडी कॉट, कॉटवर आबा, उशाशी पाण्याचा तांब्या आणि समोर टीव्ही. एवढ्यात त्यांचा सगळा दिवस जात असणार.

मी वायर जोडली आणि पहिली फाइल लावली. कार्यालयाचं आवार, खुर्च्या मांडणारी माणसं, कॅमेरा कुठे ठेवायचा याची खटपट. हे सगळं मी एरवी न बघताच उडवते.

"पुढे घेऊ का? लग्न बरंच नंतर आहे."

"नगं. ऱ्हाऊ द्या." ते उशीवर जरा वर सरकले. "त्यो खांबापाशी उभा हाय त्यो माझा मेव्हना. आलाय म्हंजी! मला म्हनला हुता, गुडघं दुखत्यात, न्हाई जमायचं."

मग ते थांबेचनात. पंगतीत कोण कोणाशेजारी बसलं, कोणी जिलेबी परत मागितली, कोण वाढप्यावर खेकसलं, ते सगळं त्यांना हवं होतं. कोणाचा कोण लागतो हे मला सांगायचे आणि मी चुकीचं लक्षात ठेवलं की रागवायचे. "अवो, ती चुलत जाऊ. साडी बघून वळखा की." मीही बोलू लागले. नवरदेवाच्या फेट्यावर काहीतरी म्हणाले तर ते एवढे हसले की कमरेला हात लावून "आई गं" म्हणाले. मीच घाबरले. त्यांनी हातानेच चालू ठेवा अशी खूण केली.

दुपारी नवरीच्या खोलीतली फाइल लागली. कॅमेरा तिपाईवर चालूच राहिलेला असावा. नवरीचे केस बांधून झालेले, मेकअप करणारी मुलगी कशाला तरी बाहेर गेलेली. खोलीत नवरी आणि तिची मैत्रीण दोघीच. कॅमेरा चालू आहे हे दोघींच्या गावी नव्हतं. नवरी रडत होती. रंग ओघळू नये म्हणून मान खाली घालून, डोळ्यांखाली कागदी रुमाल धरून रडत होती. मैत्रीण म्हणाली, "अगं बास, आता बोलवायला येतील." तशी ती म्हणाली, "आधी आबांना फोन लाव."

मी बंद करायला लॅपटॉपकडे हात नेला. आबा म्हणाले, "थांबा."

नवरीने नाक पुसलं, दोनदा श्वास घेतला आणि फोन कानाला लावला. तिचा आवाज एकदम बदलला. "आबा! जेवलात का?... हो, सगळं मस्त चाललंय... नाही हो, मी कशाला रडू? हसतेय मी... दुखतंय का फार?... खरं सांगा... बरं. मी नंतर व्हिडिओ दाखवते तुम्हाला. तुम्ही आहातच इथे असं समजा." एवढं बोलताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाजात त्याचा मागमूस नव्हता. फोन ठेवला आणि ती मैत्रिणीच्या खांद्यावर पडली. मग दार उघडलं, माणसं आत आली आणि कोणीतरी कॅमेरा बंद केला.

बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर गेला. 

"मागं घ्या," आबा म्हणाले.

मी पुन्हा लावलं. ते संपल्यावर पुन्हा एकदा लावलं.

"मला वाटलं, पोरगी खुशीत हाय," ते म्हणाले. "बरं वाटलं हुतं मला. आन मी तिला काय म्हनलो ठावं हाय का? म्हनलं, कायबी दुखत न्हाई, चा पितोय निवांत. तवा मला कड बदलता येत न्हवती. नर्स धरून हुती दोन्हीकडून."

 मला रविवारचा माझा फोन आठवला. मी 'मजेत' म्हणते तेव्हा तिकडे भाऊ कशा अवस्थेत बसलेला असतो, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

"आबा, तिला फोन लावायचा का आत्ता?"

"नगं. कामावर असंल. नाशिकला हापिसात जाती ती." मग जरा वेळाने म्हणाले, "हे तुमच्या पिच्चरमधी घालू नका. सासरची बघतील. पन पुसूबी नका."

ते रेकॉर्डिंग मी त्यांच्यासाठी एका पेनड्राइव्हवर वेगळं ठेवलं. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून ते कसं सुरू करायचं हे त्यांच्या सुनेला संध्याकाळी दाखवलं. काय आहे त्यात, असं त्यांनी विचारलं, तर आबांनीच थाप मारली, "माझं हाय. हळदीचं."

सगळं रेकॉर्डिंग एका दिवसात बघून होण्यासारखं नव्हतं. पुढच्या मंगळवारी या, असं आबा म्हणाले आणि मी गेले. त्याच्या पुढच्याही गेले. हळूहळू त्यांना कॉटच्या कडेला बसता येऊ लागलं, मग वॉकर धरून दारापर्यंत. त्या घरात माझा कप ठरला. एकदा निघताना मी बाजरीची भाकरी आवडते म्हणून सांगितलं होतं, तर पुढच्या वेळी सुनेने ती करून ठेवली. सोमवारी रात्री मी उद्याच्या फाइली काढून ठेवायचे आणि झोप लागण्याआधी मला उद्या काय आहे हे आठवून बरं वाटायचं. असं बरेच दिवसांत झालं नव्हतं.

तिकडे दुकानातून एक दिवस आपण होऊन फोन आला.

"एका ऑफिसची मशिनं मोडीत आलीयत. तुमच्या मशीनला चालेल अशी पट्टी आहे. वापरलेली. तपासून ठेवलीय."

"गॅरंटी?"

"माझा चेहरा. रोज इथेच असतो."

वापरलेल्या पट्टीचा भाव जुन्या काळातल्या नव्या पट्टीपेक्षा जास्त होता. मी घासाघीस केली नाही. त्यांनी ती दुसऱ्या कोणालाही विकली असती, दारात गिऱ्हाइकं उभीच होती. तसं मी म्हणाले. "तुम्ही फार फोन करता," ते म्हणाले. "म्हटलं, तेवढे तरी थांबतील."

पट्टी बसवली आणि मशीन पूर्वीसारखं पळू लागलं. लोणीची फिल्म मी आठवड्यात केली. गाणी, संथ गतीतल्या अक्षता, वरून ड्रोनने घेतलेलं कार्यालय, सगळं रीतसर. नवरीच्या खोलीतला भाग घेतला नाही. मात्र खांबापाशी उभे असलेले मेव्हणे आणि जिलेबी परत मागणारे गृहस्थ घेतले. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, हे काय मध्येच?" मी म्हटलं, राहू दे.

लोणीच्या घरी फिल्म रविवारी सगळ्यांनी मिळून पाहिली. संध्याकाळी आबांचा फोन आला.

"झ्याक झालंय. पोरगी लई देखनी दिसती."

"आवडलं ना?"

"व्हय." मग म्हणाले, "पन लई लौकर संपलं."

मी हसले. मंगळवारी येऊ का, असं विचारणार होते, पण कशासाठी येऊ म्हणून सांगणार? दाखवायचं काही उरलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. शेजारून कोणीतरी हाक मारली, ते "आलो, आलो" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दोनेक आठवडे गेले तशी मीच फोन लावला. सुनेने उचलला. आवाजात आनंद होता. "ताई, ते आता घरात सापडतच नाहीत! काठी घेऊन पारावर जाऊन बसतात. परवा नात आली होती, चार दिवसांसाठी नाशिकला घेऊन गेली. गाडीत पुढे बसून गेले." मी म्हटलं, फार छान झालं, त्यांना सांगा मी फोन केला होता. मला खरंच छान वाटलं. एका म्हाताऱ्या माणसाचं मोडलेलं हाड जुळून तो नातीच्या घरी जातो, यापेक्षा चांगली बातमी त्या महिन्यात मला दुसरी आली नव्हती. त्यांना आता माझी गरज नव्हती, आणि ती नसणं हेच बरं होतं.

पुढच्या मंगळवारी मी लवकर उठून आंघोळ केली, भाकरी-भाजी उरकली, बाहेरची साडी नेसले. पिशवीला हात घातला तेव्हा लक्षात आलं की कुठे जायचं नाही. साडी बदलावीशी वाटली नाही. तशीच मागच्या खोलीत जाऊन बसले. फोटोग्राफरने आदल्या संध्याकाळी एक नवी डिस्क दिली होती, सासवडकडचं कुठलंतरी लग्न. हेडफोन टेबलावरच राहू दिले. स्पीकर चालू केला आणि पहिली फाइल अगदी सुरुवातीपासून लावली. खुर्च्या मांडत होते. कोपऱ्यात निळा सदरा घातलेला एक माणूस एकटाच उभा राहून घड्याळ बघत होता.

"हा कोणाकडचा असेल?" मी मोठ्याने म्हणाले.